वायर लपवा, जोड नको!

रीलमधल्या त्या देखण्या खोलीत एकही वायर दिसत नाही आणि आपल्या हॉलमध्ये पाय टाकायला जागा नाही! आवरायचं तर आहेच. पण काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं, हे आधी ठरवा.

पाहुणे येणार म्हटलं की तुमच्या घरी काय होतं? आमच्याकडे आई सोफ्याची कव्हरं बदलते, बाबा पेपरांचा गठ्ठा पलंगाखाली सरकवतात आणि माझ्या वाट्याला एकच काम येतं, “ते टीव्हीखालचं वायरींचं जंजाळ तेवढं आवर रे बाबा!” मग मी सगळ्या वायरी दोन्ही हातांनी गोळा करायचो, टीव्हीच्या मागे कोंबायचो आणि पुढ्यात फ्लॉवरपॉट ठेवून द्यायचो. झालं आवरून.

शिकायला सटाण्याहून नाशिकला आलो, तेव्हा ही कलाही सोबत आली. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला चौघांत मिळून वन बीएचके. एक कळवणचा, एक नंदुरबारचा, एक चाळीसगावचा आणि मी. हॉलमध्ये प्लगचे बोर्ड दोनच, तेही नेमके जिथे नको तिथे. एक दाराच्या मागे आणि दुसरा खिडकीखाली. आता मोजा. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, नेटचा मोडेम, राउटर, दोन लॅपटॉप, चार मोबाइल, एक स्पीकर, डासांचं मशीन, इस्त्री आणि थंडीत पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली. दोन बोर्डांवर चौदा पिना. तुमच्याकडेही आकडा याच्या आसपासच असणार, मोजून बघा.

मग आपण जे करतो तेच केलं. एक्स्टेन्शन आणलं, ते पुरेना म्हणून त्याला दुसरं एक्स्टेन्शन लावलं. त्याची वायर सोफ्यापर्यंत पोचेना, म्हणून कुठल्यातरी जुन्या टेबलफॅनच्या वायरचा तुकडा मध्ये जोडला आणि जोडाला काळी टेप गुंडाळली. ती वायर हॉलच्या मधूनच जायची, पायात यायची. नंदुरबारकर दोनदा अडखळला. म्हणून आईनं दिलेली सतरंजी तिच्यावर अंथरली. वायर गायब! हॉल इतका छान दिसायला लागला की त्याच आठवड्यात आम्ही खोलीची रीलही काढली.

जानेवारीतला तो वास

नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. निफाडचा पारा किती खाली गेला याची बातमी पेपरात रोज येते, त्या दिवसांतली गोष्ट. सकाळचे साडेसात. एकानं किटलीत पाणी लावलं आणि दुसऱ्याला प्रॅक्टिकलला जायचं होतं म्हणून त्यानं त्याच बोर्डावर इस्त्री लावली. किटलीची पिन जाड, म्हणजे १६ अँपिअरवाली. ती एक्स्टेन्शनमध्ये बसत नाही, म्हणून बारीक पिनचा कन्व्हर्टर लावलेला. पाच-सात मिनिटांत वास सुटला. जळका नाही, चक्क माशाचा! आम्हाला वाटलं शेजारच्या काकू बोंबील भाजतायत. सकाळी साडेसातला बोंबील कोण भाजतं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

मग सतरंजीतून बारीक धूर आला.

कळवणकर धावला आणि त्यानं मेन स्विच पाडला. त्याच्या घरी मळ्यात मोटर आहे, त्यामुळे आधी लाइट बंद करायची हे त्याला शिकवावं लागलं नाही. मी मात्र पाण्याची बादली घ्यायला बाथरूमकडे निघालो होतो. (विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं हे दहावीच्या आतच शिकवतात. मी इंजिनीअरिंगला आहे.) सतरंजी उचलली तर खाली तळहाताएवढा काळा डाग आणि त्याच्या बरोबर मध्यभागी आमचा तो टेप गुंडाळलेला जोड. टेप वितळून सतरंजीच्या धाग्यांना चिकटलेली. आणि गंमत म्हणजे एमसीबी पडलीच नव्हती. मेन आम्ही पाडला नसता तर किटलीतलं पाणी निवांत उकळत राहिलं असतं.

एमसीबी का पडली नाही?

हे नीट समजून घ्या, कारण “एमसीबी आहे ना, मग काय होतंय” असं आपण सगळेच म्हणतो.

आमची किटली १५०० वॅटची. घरात येणारी वीज २३० व्होल्टची. भागाकार करा, साडेसहा अँपिअर. इस्त्री १००० वॅटची, तिचे जवळजवळ साडेचार. दोन्ही मिळून ११ अँपिअर. त्या लाइनवरची एमसीबी होती १६ अँपिअरची. तिच्या दृष्टीनं सगळं आलबेल! वायरमध्ये मर्यादेबाहेर करंट गेला किंवा थेट शॉर्टसर्किट झालं, तर एमसीबी पडते. एखादा ढिला जोड सतरंजीखाली तापतोय, हे तिला कळायला मार्गच नाही. उलट ढिल्या जोडामुळे करंट किंचित कमीच होतो.

आता त्या जोडाचा हिशेब. बारावीचं सूत्र आठवा. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. समजा त्या पिळलेल्या जोडाचा रोध फक्त अर्धा ओहम. एकट्या किटलीवर साडेसहाचा वर्ग ४२, त्याचं निम्मं म्हणजे २१ वॅट. लॅबमधला छोटा सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचा असतो. म्हणजे आम्ही रोज सकाळी सतरंजीखाली जवळपास एक सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवत होतो. त्यात इस्त्री आली की करंट पावणेदोन पटही होत नाही, पण उष्णता पावणेतीन पट होते. साठ वॅट! आणि वरून जाड सतरंजी, हवेला जागा नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट बाहेर येते आणि मला तरी ती धक्कादायक वाटली. टीव्ही ८० वॅट, सेट टॉप बॉक्स १५, मोडेम आणि राउटर मिळून २०, दोन लॅपटॉपचे चार्जर १३०, चार मोबाइल ८०, स्पीकर २०. ज्या वायरींना आपण जंजाळ म्हणतो, ज्यांच्यावरून आई ओरडते, त्या सगळ्यांची बेरीज साडेतीनशे वॅटच्या आत. म्हणजे दीड अँपिअर! आणि कोपऱ्यातून एकटीच शहाण्यासारखी गेलेली किटलीची वायर या सगळ्यांच्या चौपट वजन उचलते. डोळ्याला खुपतं ते जंजाळ हलकं असतं आणि जी एकटी वायर सहज झाकली जाते, तीच भारी असते.

अंबडचा डॉक्टर

आमच्या चाळीसगावकराचा एक मित्र सातपूरच्या आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड करून अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये पॅनल वायरिंग करतो. नाशिकला या कामाची कमी नाही. सातपूरला एबीबीचा स्विचगिअरचा कारखाना आहे आणि सातपूर-अंबडच्या गाळ्यांमध्ये कंट्रोल पॅनल बांधणारी पोरं भरपूर. त्याला बोलावलं. त्यानं सतरंजी बघितली, जोड बघितला आणि विचारलं, “जोड दिला कुणी? आणि दिला तर दिला, झाकला कशाला?”

मग त्यानं मोबाइलमध्ये त्याच्या कामाचे फोटो दाखवले. तुम्ही कधी कंट्रोल पॅनल उघडलेला बघितला असेल तर कळेल. आत शेकडो वायरी असतात, पण एकही लोंबत नाही. सगळ्या भोकाभोकांच्या पीव्हीसी चॅनलमधून जातात आणि वर झाकण बसतं. त्याला ते लोक ‘ड्रेसिंग’ म्हणतात. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना छोटी नंबरची रिंग, म्हणजे फेरूल. आणि एक नियम कुणीही मोडत नाही. चॅनलच्या आत जोड द्यायचा नाही. जोड फक्त टर्मिनलवर, जिथे तो दिसतो, जिथे स्क्रू पुन्हा आवळता येतो.

तुमच्या घरातल्या भिंतीतही हाच नियम आहे. कन्सील्ड वायरिंगमध्ये पाइपाच्या आत जोड नसतो. जोड येतो तो बोर्डाच्या किंवा जंक्शन बॉक्सच्या आत, म्हणजे स्क्रू काढून बघता येईल अशा जागी. गावातल्या जुन्या वाड्यांमध्ये, भद्रकालीत किंवा पंचवटीत, अजून कुठेकुठे ती बॅटन वायरिंग दिसते. लाकडी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी दाबलेल्या वायरी, गोल लाकडी ठोकळा आणि त्यावर काळं बटण. आपल्याला ते ओबडधोबड वाटतं. पण वायर कुठून निघाली, कुठे गेली आणि कुठे काळी पडली हे खाटेवर पडल्या पडल्या दिसायचं. (त्याच वाड्यांमध्ये फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार बांधणारे काकाही होते. तेव्हा जुनं ते सगळं सोनं असंही समजू नका.)

आता हात लावा कामाला

त्यानं आम्हाला करायला लावलं ते सांगतो. पूर्ण एक रविवार गेला, मध्ये मिसळ खायला उठलो तेवढंच.

आधी सगळ्या पिना काढा. सगळ्या. मग तीन ढीग करा. पहिला ढीग ज्यात घरची २३० व्होल्टची वीज नसते अशा वायरींचा. एचडीएमआय, नेटची केबल, स्पीकरची वायर, यूएसबी. या खुशाल बांधा, झाकणाच्या पट्टीत घाला, फर्निचरच्या मागे सोडा. दुसरा ढीग हलक्या लोडचा : टीव्ही, लॅपटॉप, चार्जर. याही पट्टीत जाऊ शकतात, फक्त चार्जरचे ठोकळे बाहेर हवेत ठेवा, कारण ते तापतात. तिसरा ढीग किटली, इस्त्री, पाण्याचा रॉड, हीटर, इंडक्शन. या ढिगाला लपवायचंच नाही. यांना एक्स्टेन्शनही नाही. भिंतीतल्या १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्ये लावा, काम झालं की पिन काढा, वायर थंड झाली की गुंडाळून कपाटात ठेवा. कपाटात ठेवलेली वायर हीच सगळ्यात छान लपवलेली वायर. आमच्या हॉलमध्ये मोठं सॉकेट नव्हतंच, किचनमध्ये होतं. किटली तिकडे गेली. उठून जावं लागतं, एवढाच काय तो त्रास.

साध्या एक्स्टेन्शनवर ६ अँपिअर लिहिलेलं असतं. म्हणजे १३८० वॅट. किटली त्यात एकटीही बसत नाही, मग इस्त्री सोबत कुठून बसणार? पुढच्या वेळी एक्स्टेन्शन घेताना रंग आणि यूएसबीची भोकं बघण्याआधी मागे वळवून अँपिअर आणि आयएसआयचा शिक्का बघा. आणि हो, लांब वायर हवी तर लांब वायरचंच घ्या. एकाला एक जोडू नका.

आता भाड्याच्या घराची खरी अडचण. मालकांनी आल्या दिवशीच सांगितलेलं असतं, “भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही, डिपॉझिटमधून कापून घेईन.” केसिंगची पट्टी, म्हणजे झाकणवाली पांढरी पीव्हीसी पट्टी, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. साधारण सहा-साडेसहा फुटांची असते, पाऊण इंची आपल्याला पुरते. ती लावायला दोन्हीकडून चिकटणारी टेप वापरा, असं सगळे व्हिडिओ सांगतात. पण डिस्टेंपरच्या भिंतीवर ती टेप आठवड्यात सुटते आणि सुटताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते. मग? खाली बघा. भिंतीच्या पायथ्याशी तीन-चार इंचांची टाइलची स्कर्टिंग असते. टाइलवर टेप घट्ट बसते आणि निघतानाही डाग ठेवत नाही. टाइल आधी ओल्या फडक्यानं पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, मग पट्टी लावा. वायर हॉलच्या मधून न जाता भिंतीच्या कडेकडेनं गेली की सतरंजीची गरजच संपते. तिला जास्त फूट लागतील, लागू द्यात.

एक्स्टेन्शनचा बोर्ड जमिनीवर ठेवू नका. फरशी पुसताना पाणी जातं, पावसाळ्यात तर विचारूच नका. आम्ही तो टेबलाच्या मागच्या पायाला दोन केबल टायनी बांधला. सॉकेटची भोकं वर न ठेवता बाजूला केली म्हणजे धूळ बसत नाही. उरलेली वायर सैल आठच्या आकड्यासारखी वळवून कापडी वेल्क्रो पट्टीनं बांधली. केबल टाय वायरवर आवळून ओढू नका, आतली तार दुखावते. आणि वायर गुंडाळून ठेवायची मुभा हलक्या लोडपुरतीच. वेटोळं केलेल्या वायरवर हीटर लावलात तर आतली उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही.

फेरूलची आयडिया मला सगळ्यात आवडली. कागदी चिकटपट्टीचा तुकडा वायरवर झेंड्यासारखा दुमडायचा आणि त्यावर नाव लिहायचं. दोन्ही टोकांना. ‘राउटर’, ‘टीव्ही’, ‘चाळीसगाव लॅपटॉप’. रात्री कुणीतरी मोबाइल लावायला राउटरची पिन काढतो आणि दुसऱ्याची ऑनलाइन टेस्ट मध्येच बंद पडते, हे आमच्याकडे झालेलं आहे. नावं लावल्यापासून झालेलं नाही.

नेटची वायर नाजूक असते

फायबरचं कनेक्शन असेल तर ती बारीक वायर इतरांसारखी वागवू नका. तिच्यात तांब्याची तार नसून काचेचा केसाएवढा तंतू असतो आणि त्यातून प्रकाश जातो. तीव्र वळण दिलं की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. नेट स्लो होतं किंवा मोडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागतो आणि आपण कस्टमर केअरला शिव्या घालतो. पाण्याच्या पेल्याभोवती गुंडाळता येईल एवढं मोठं वळण ठेवा. कोपऱ्यावर काटकोनात दाबू नका आणि केबल टाय तर नकोच. राउटर टीव्हीच्या मागे लपवायचा मोह होतो, पण तिथे रेंजही कमी होते आणि तो तापतोही. तो बिचारा दिसू देत.

घरी इन्व्हर्टर असेल, तर बॅटरीची ट्रॉली फर्निचरमध्ये बंद करू नका, सुतार कितीही छान दार करून देतो म्हणाला तरी. चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला मोकळी हवा लागते. टीव्ही भिंतीवर टांगून वायर प्लास्टरमध्ये गाडायची असेल, तर टीव्हीसोबत आलेली वायर खाचेत दाबून वरून सिमेंट लिंपू नका. आत पाइप हवा आणि हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, घरमालकांना विचारून. आणि दिवाळीची माळ लावताना पिन नाही म्हणून उघड्या वायरी सॉकेटमध्ये खोचून काडेपेटीच्या काड्या ठोकणारा एक जण प्रत्येक खोलीत असतो. तो कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्याला पिन घेऊन द्या.

दर महिन्याला एकदा, भाड्याचे पैसे ट्रान्सफर करता त्याच दिवशी म्हणा हवं तर, प्रत्येक पिनेवरून हात फिरवायचा. बंद करून, कोरड्या हातानं. कोमट ठीक. चटका बसला, प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं, पिन सैल हलली किंवा लावताना चरचर आवाज आला, तर ते सॉकेट किंवा बोर्ड बदलायचा, टेप लावायची नाही. आणि माशाचा वास आला तर काकूंच्या किचनकडे नाक नेण्याआधी मेन पाडा. प्लगचं आणि सॉकेटचं प्लास्टिक तापलं की अनेकदा तसाच वास येतो.

आमच्या हॉलमध्ये आता किती वायरी दिसतात? तीन. राउटरची, बोर्डाकडे येणारी आणि डासांच्या मशीनची. रीलसारखं चकाचक नाही, पण मालक भाडं घ्यायला आले तेव्हा स्कर्टिंगवरची पट्टी वाकून बघून गेले आणि काही बोलले नाहीत. डिपॉझिट अजून तरी शाबूत आहे. सतरंजीचं तेवढं राहिलंय. आई फोनवर दोनदा विचारून झाली, मी सांगितलंय धुवायला टाकलीय म्हणून. आमच्याकडे हा पेपर येतो.